निफाडची बदकं आणि ह्यूस्टनचे साडू

आमचे साडू ह्यूस्टनला असतात. तेलाच्या कंपनीत आहेत, स्वभावाने मऊ आहेत, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी एक झुरळही स्वतः मारलेलं नाही. ते खातं मेहुणीकडे आहे. अशा माणसाचा फोटो नोव्हेंबरातल्या एका सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडला. छातीपर्यंत चढवलेली रबरी विजार, अंगात वाळक्या गवताच्या नक्षीचं जाकीट, खांद्याला बंदूक आणि हातात, मानेला धरून लोंबकळणारी बदकं. खाली लिहिलं होतं, ‘ऑफिसच्या मंडळींबरोबर गल्फच्या किनाऱ्याला. गाईडेड डक हंट. कोटा पूर्ण!’

सासूबाईंनी हात जोडले. त्या सगळ्याच फोटोंना हात जोडतात. मामेसासऱ्यांनी ‘कोंबडीपेक्षा बरं लागतं का?’ असं विचारलं. आणि आमची ही चहा गाळता गाळता म्हणाली, “भावोजी या वयात काय काय करतात, नाही?” या वाक्यात माझा उल्लेख कुठेच नव्हता. तरी ते माझ्याविषयीच होतं, हे कळायला लग्नाला बरीच वर्षं व्हावी लागतात.

संध्याकाळी मी साडूंना फोन लावला. भूतदयेवर चार शब्द सुनवावेत असा विचार होता. पण ते इतके खुशीत होते की मला तोंड उघडायला जागाच मिळेना. पहाटे चारला निघायचं म्हणाले. मोठा पंखा लावलेल्या होडीतून दलदलीत शिरायचं. पाणगवतात आधीच बांधून ठेवलेलं लपण असतं, त्यात बाकावर बसायचं. गाईड समोरच्या पाण्यात प्लास्टिकची खोटी बदकं सोडतो, तोंडात शिटी धरून बदकाची हाक काढतो. खरी बदकं फसतात, खाली येतात. गाईड ‘आता!’ म्हणाला की उठायचं आणि बार काढायचा. पडलेलं बदक उचलून आणायला त्याचाच कुत्रा.

“मग यात तुम्ही काय करता?” मी विचारलं.

“आम्ही पैसे भरतो.”

भूतदयेचा विषय मी इथे काढणार होतो, पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगून माझी पंचाईत केली. तिथे माणशी दिवसाला सहाच बदकं मारता येतात. परवाना लागतो, आणि त्यावर सरकारी बदक-तिकीट, पंचवीस डॉलरचं. ही पद्धत १९३४ पासूनची. त्या तिकिटांच्या पैशातून तिथलं सरकार पाणथळ जागा घेऊन राखतं. म्हणजे बदक मारणारा माणूस बदकांच्या घराचं भाडं भरून मारतो. आणि मी, ज्याने आजवर कुठल्याही दलदलीसाठी दमडी खर्चलेली नाही, त्याला उपदेश करायला निघालो होतो. मी विषय हवामानावर नेला.

फोन ठेवताना साडू म्हणाले, “तुमच्याकडेही असतील ना हो बदकं?”

‘तुमच्याकडे रोज पाणी येतं ना?’ असं विचारतात, तोच सूर.

असतील ना? अहो, नाशिकपासून चाळीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजांनी १९०७ ते १९१३ या काळात दगडी बंधारा घातला. हेतू रोखठोक होता: डाव्या आणि उजव्या कालव्यांतून खाली कोपरगाव-राहात्याकडे पाणी न्यायचं. पण दोन्ही नद्या येताना माती घेऊन आल्या, आणि बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला. पाण्यात बेटं झाली, उथळ डबकी झाली, पाणकणीस माजलं. इंजिनिअरच्या हिशेबात हे धरणाचं नुकसान. बदकांच्या हिशेबात बांधकाम आत्ता कुठे पुरं झालं होतं. १९८६ साली तिथे अभयारण्य जाहीर झालं, शंभर चौरस किलोमीटरचं. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं, हे तिथला प्रत्येक जण तुम्हाला सांगतो, न विचारता. आणि २०१९ मध्ये ती रामसर यादीत गेली, महाराष्ट्रातून सर्वांत पहिली. रामसर हे इराणातलं कास्पियन समुद्राकाठचं गाव. १९७१ साली तिथे पाणथळ जागांचा जागतिक करार झाला, आणि त्याच्या मूळ नावातच पाणपक्ष्यांची जागा म्हणून खास उल्लेख होता.

एवढी सगळी माहिती मी फोन ठेवल्यावर मोबाईलवर वाचून काढली. तोवर त्या बाजूला माझं जाणं झालं होतं ते दोनच निमित्तांनी, कांदे आणि सोयरीक.

बंदुकीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आधीच निकालात काढलेला आहे, त्यामुळे मला त्यात मोठेपणा घेता येत नाही. शिवाय पंचवटीच्या आसपास राहणाऱ्या माणसाला शिकारीचे परिणाम शिकवावे लागत नाहीत. सोन्याचं हरीण इथूनच पळालं, आणि ते प्रकरण पार लंकेपर्यंत गेलं. तेव्हा मी कॅमेऱ्याने शिकार करायचं ठरवलं. साडूंच्या सहा मेलेल्या बदकांसमोर माझी सहा जिवंत, उडती, डोळ्यात चमक असलेली बदकं ग्रुपवर टाकायची, खाली लिहायचं ‘कोटा पूर्ण’, आणि मग हिने चहा गाळता गाळता काय म्हणायचं ते म्हणावं.

तयारी जोरात झाली. घरात मुलीच्या कॉलेजच्या वेळचा एक कॅमेरा होता, त्याला दोनशेची लेन्स. मारुती चितमपल्लींचा पक्षीकोश विकत आणला; त्यांनी आयुष्यभर जंगलात हिंडून जमवलेली पक्ष्यांची नावं मी एका रविवारात पाठ करायला घेतली आणि ‘अ’च्या पुढे गेलो नाही. जाकीट ऑनलाइन मागवलं. साडूंच्या जाकिटासारखंच हवं होतं, पण आलं ते गर्द हिरव्या पानांचं, मधून मधून वेली. ब्राझीलच्या जंगलात मी त्यात कुणालाही सापडलो नसतो. साडूंना माझा बेत कळला तेव्हा त्यांनी मनाचा मोठेपणा दाखवून डिसेंबरात भारतात येणाऱ्या कुणाबरोबर तरी भेट पाठवली: बदकाला हाक मारायची खरी अमेरिकन शिटी. ती मी बाथरूममध्ये वाजवून पाहिली. वरच्या मजल्यावरच्यांनी प्लंबरला बोलावलं.

डिसेंबरच्या अखेरीस, पहाटे साडेचारला निघालो. निफाडची थंडी ही नाशिककरांची पेपरात वाचायची गोष्ट आहे. पारा उतरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा छापून येतो आणि आम्ही पांघरुणात राहून तो एकमेकांना सांगतो. त्या दिवशी मी त्या आकड्याच्या आत शिरलो. चांदोरी, सायखेडा मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि बागांमधून शेकोट्या पेटवलेल्या. मण्यांना थंडी बाधू नये म्हणून शेतकरी रात्रभर जागून धूर करतात. द्राक्षांची ही बडदास्त पाहून मला गाडीचा हीटर बिघडल्याचं जास्तच जाणवलं.

चापडगावला वनविभागाचं निसर्ग निर्वचन केंद्र आहे, पक्षी पाहायचे मनोरे आहेत, आणि गावातलीच मुलं गाईड म्हणून तयार झालेली आहेत. मला मिळालेला गाईड पंचविशीचा होता. डोक्याला माकडटोपी, अंगात मरून स्वेटर, पायात स्लिपर. घरी तीन एकर द्राक्षं. सकाळी पक्षी, दुपारी फवारणी. त्याने माझ्याकडे पायापासून वर पाहायला सुरुवात केली आणि जाकिटावर येऊन थांबला.

“काका, जाकीट आतच ठेवता का गाडीत?”

“का? कॅमोफ्लाज आहे.”

“हा ना,” तो म्हणाला. पुढे काही बोलला नाही. पैसे देणाऱ्या माणसाशी किती बोलायचं हे त्याला कळत होतं.

मनोऱ्यावर पोचलो तर आमच्याआधी मंडळी हजर. पुण्याची होती. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या लोकांत वय, शिक्षण, पगार यांपैकी कशालाच किंमत नसते. फक्त लेन्स विचारतात.

“केवढी आहे?”

“दोनशे.”

यावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्यातला एक गृहस्थ, ज्याच्या लेन्सला स्वतःची वेगळी तिवई आणि तिवईला स्वतःची वेगळी बॅग होती, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “हॅबिटॅट शॉट चांगले येतील.” याचा अर्थ मला घरी आल्यावर कळला: पक्षी दिसणार नाही, पण तळं छान येईल.

उजाडलं. समोर पाणी धुरकट पांढरं, त्यात ठिपके. हजारो ठिपके. मी भराभर बटण दाबत सुटलो. गाईड शांतपणे, दुर्बीण डोळ्याला न लावता, नावं सांगू लागला. “ते बाभळीच्या डावीकडं तलवार बदक. नर. शेपटी बघा, लांब. त्याच्या मागं थापट्या, चोच फावड्यावानी. ते तिकडं चक्रांग. ते भुवई बदक, डोळ्यावर पांढरी रेघ. आणि हे जवळचं हळदीकुंकू, आपलं इथलंच.”

“कोणत्या बाभळीच्या?”

“ती काय.”

तिथे बाभळीशिवाय दुसरं झाड नव्हतं, आणि बाभळी साठ-सत्तर होत्या. मी दुर्बीण जिथे नेई तिथे पाणी आणि बाभूळ असे, बदक नुकतंच पलीकडे गेलेलं असे. मग मी ‘हां, हां, दिसलं’ म्हणायला लागलो. हे एकदा म्हटलं की सुटका नसते. “कसंय डोकं?” तो विचारी. “छान आहे,” मी सांगे.

सातच्या सुमारास मला खरोखरच एक बदक सापडलं. एकटंच, मनोऱ्यापासून फार लांब नाही, पांढरं, थोडं कललेलं, अतिशय स्थिर. बाकीची बदकं सारखी डोकं पाण्यात घालून बुड वर करत होती. चिखलातलं खाणं काढायची त्यांची ती रीतच आहे, पण त्यामुळे माझ्याकडे तोवर जमा झाले होते ते बहुतेक पार्श्वभाग. हे बदक मात्र मान खाली घालतच नव्हतं. मी त्याचे आडवे काढले, उभे काढले. श्वास रोखून काढले. पुण्याच्या गृहस्थाला हळूच दाखवावं असंही वाटलं, पण शिकारी आपली जागा सांगत नाही. बऱ्याच वेळाने मी गाईडला विचारलं, “ही कोणती जात रे?”

तो क्षणभर गप्प झाला. “काका, ते थर्माकोल आहे. जाळ्याचं.”

“मग इतका वेळ सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्ही प्रदूषणाचं काही करताय.”

त्याच्या आवाजात चेष्टेचा लवलेश नव्हता, म्हणून अधिक लागलं. साडूंच्या गाईडने तिकडे बदकांना फसवायला खोटी बदकं सोडली होती. इथे कुणीही काहीही न सोडता मी फसलो होतो.

तेव्हा मी शिटी काढली. यात माझी बाजू एवढीच की मी आधी गाईडकडे पाहिलं, आणि तो त्या वेळी चहाच्या थर्मासचं झाकण उघडत होता. एकच फुंकर मारली. मनोऱ्यावरची सगळी मंडळी माझ्याकडे वळली. लांब कुठेतरी एका म्हशीने उत्तर दिलं. बदकांनी मान वर करण्याचीही तसदी घेतली नाही.

“काका, ते आत ठेवा,” गाईड म्हणाला. “इथं आवाज करायचा नसतो. पाखरांना त्रास होतो.”

“पण आलं का नाही एकही?”

“ही सगळी सायबेरिया, रशियाकडून येतात. अमेरिकेचं ऐकणार नाहीत.”

पुढे पुस्तकात वाचलं, की या शिट्या मॅलर्ड जातीच्या मादीच्या हाकेवर बेतलेल्या असतात, आणि मॅलर्ड आपल्या भागात क्वचितच उतरतो. म्हणजे शास्त्रही गाईडच्या बाजूनेच होतं, फक्त इतकं मजेत सांगत नव्हतं.

तेवढ्यात आकाश फाटल्यासारखा आवाज झाला. ओझरला एचएएलचा कारखाना आहे, सुखोई तिथेच जोडली जातात, आणि चाचणीला निघालेलं विमान आमच्या डोक्यावरून गेलं. मी रेलिंगला घट्ट धरलं. पुण्याच्या गृहस्थाने लेन्सला कवटाळलं. बदकं चरत होती. मग बांधावरून एक ट्रॅक्टर गेला, त्यावर गाणी मोठ्याने लागलेली. बदकं चरत होती. दोन बाया कपडे आपटत होत्या, त्यांच्यापासून दहा हातांवर शेकाट्यांची रांग उभी. एक माणूस म्हशी पाण्यात घालून मोबाईलवर कुणाशी तरी उसाच्या तोडीवरून भांडत होता. म्हशीच्या पाठीवर बगळा निवांत. मी मनोऱ्याच्या पायऱ्या उतरून, जाकिटाची चेन वर ओढून, अगदी दबक्या पावलांनी काठाकडे चार पावलं गेलो, आणि समोरचं सगळं पाणी उडालं.

सगळं म्हणजे सगळं. तलवार, थापटे, चक्रांग, ओळीत बसलेले वारकरी, पलीकडच्या बेटावरची चक्रवाकाची जोडी. मी ते दृश्य तोंड उघडं टाकून पाहत राहिलो, त्यामुळे फोटो नाही. वरून पुण्याची मंडळी काहीतरी बोलली. ते इथे लिहिता येणार नाही.

गाईडने खाली येऊन समजावून सांगितलं. पाखरं आवाजाला भीत नाहीत, ओळख नसलेल्याला भितात. बाया, म्हशी, ट्रॅक्टर हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं. कपडे आपटणारी बाई कपडेच आपटणार, हे त्यांना माहीत आहे. पण झाडासारखं दिसणारं काहीतरी वाकून, थांबत थांबत, त्यांच्यावर नजर ठेवून पुढे येऊ लागलं, तर पाणथळीत असं फक्त शिकारी जनावर वागतं. “आणि काका, आपल्याकडं आत्ता सगळं वाळलेलं असतं. एवढी हिरवी पानं कुठंच नाहीत. तुम्ही लांबून लई उठून दिसता.”

मी त्याला साडूंचा फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून बदकांचे पाय पाहिले, जात ओळखायचा प्रयत्न केला, आणि मोबाईल परत देताना फक्त म्हणाला, “सहा कशाला लागतात एका माणसाला?”

आता राजस्थानातल्या त्या भरतपूरचं सांगायला हवं, कारण मनोऱ्यावर परत आल्यावर तोच विषय निघाला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आणि त्याच्याबरोबरच्या मंडळींनी भरतपूरच्या तळ्यावर एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तिथे दगडावर हे आकडे कोरून ठेवलेत, साल, पाहुणा आणि बेरीज. पुण्याचे गृहस्थ हळहळले. “काय माणसं होती! नुसती आकड्यांची हाव.” हे बोलताना त्यांचं बोट बटणावर होतं आणि कॅमेरा एका सेकंदाला वीस या वेगाने चालू होता. त्यांनी मग आपली या हंगामातली यादी सांगितली: किती जाती झाल्या, किती राहिल्या, कुठला पक्षी मित्राला मिळाला आणि यांना अजून नाही. त्या न मिळालेल्या पक्ष्याचं नाव घेताना त्यांचा आवाज कापत होता. मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटली. व्हाइसरॉयचा तो गुण आमच्या दोघांत सारखाच उतरला होता, फक्त त्यांची लेन्स मोठी. त्या रात्री घरी येऊन कार्ड संगणकाला लावलं, तेव्हा माझाही आकडा व्हाइसरॉयच्या आसपास निघाला. फरक इतकाच, की त्याचे पक्षी ओळखू येत होते.

पण अजून घरी पोचायचंय.

नऊच्या सुमारास बदकं परत येऊन बसली. मी जाकीट काढून हातात घेतलं होतं, आणि त्याचा गुण लगेच आला: तलवार बदकाची एक जोडी काठाच्या अगदी जवळ, हिरवळीच्या कडेला येऊन थांबली. नराचं डोकं चॉकलेटी, मानेच्या बाजूने वर चढत गेलेली पांढरी रेघ, ती अणकुचीदार शेपटी. पहिल्यांदाच मला सगळं दिसत होतं, बाभळीशिवाय. दोनशेच्या लेन्सला मात्र अजून पंधरावीस पावलं कमी पडत होती. पायवाट सोडायची नाही हे गाईडने सकाळी एकदा आणि नंतर एकदा सांगितलं होतं. पण पायवाटेच्या पुढे छान सपाट हिरवळ होती आणि त्या हिरवळीच्या टोकाला माझा कोटा उभा होता.

“काका, ती जमीन नाहीये!”

हे वाक्य मला पूर्ण ऐकू आलं तोवर मी मांडीपर्यंत आत होतो. जलपर्णी अशी दाट माजते की वरून कुणालाही लॉन वाटावं. तिच्याखाली पाणी होतं, आणि पाण्याखाली शंभर वर्षांचा तो सुप्रसिद्ध गाळ. इंग्रजांच्या बंधाऱ्याने काय साचवून ठेवलंय याची खोली मी जातीने मोजली. एक पाय काढायला जावं तर दुसरा उतरे. हालचाल थांबवली तर कमरेपाशी स्थिरता येत होती, म्हणून मी थांबलो, दोन्ही हात वर, एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात ब्राझीलचं जाकीट. बदकांची जोडी उडाली नाही. कमरेच्या वरचा माणूस हा बहुधा त्यांच्या ओळखीचा प्रकार असावा. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बुडं वर केली.

गाईड धावत आला. त्याच्यामागून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी आली आणि काठावर उभी राहून मला पाहू लागली.

“कोण हाय रे? वनखात्याचं का?”

“नाही आजी, फोटोवाले हायेत.”

“मंग राहू दे घडीभर,” म्हातारी म्हणाली. “घाई करू नको, तू बी जाशील आत.”

सल्ला रास्त होता. गाईडने आधी लांब बांबू शोधला. तो शोधायला जाण्यापूर्वी त्याने, कशासाठी कोण जाणे, खिशातून मोबाईल काढून माझा एक फोटो घेतला. मग म्हातारीच्या भाऱ्याची दोरी सोडली, ती माझ्या काखेखालून घेतली, म्हशीवाल्याने उसाचं भांडण होल्डवर ठेवून दोरीचं दुसरं टोक धरलं, आणि मी बाहेर आलो. बूट आत राहिले. ते आता रामसर स्थळाचा भाग आहेत. म्हातारीने मला नीट न्याहाळलं, कुठला, घरी कोण कोण असतं, मुलगी दिली का, हे सगळं विचारून घेतलं, आणि जाताना “सकाळच्या पारी काही खाऊन निघत जावं” असं सांगून भारा उचलला.

मिसळ खायला थांबलो तेव्हा हॉटेलवाल्याने बाकावर आधी वर्तमानपत्र पसरलं.

घरी येऊन चार हजार फोटो पाहिले. पाणी, बाभळी, बुडं, थर्माकोल. ‘कोटा पूर्ण’ लिहावं असं एकही नव्हतं. रात्री गाईडने त्याच्या मोबाईलवरचा तो फोटो पाठवला. मी कमरेपर्यंत हिरवळीत, हात आकाशाकडे, चेहऱ्यावर कीर्तनात तल्लीन झालेल्याचा भाव. आणि माझ्या मागे, दोन वावांवर, सकाळच्या तिरप्या उन्हात, पिसन् पीस मोजून घ्यावं इतकं स्पष्ट, नर तलवार बदक. त्या दिवशी त्या तळ्यावर निघालेला सगळ्यात चांगला फोटो. पुण्याच्या सहाशेच्या लेन्सलाही इतका जवळचा मिळाला नसेल. तो मी ग्रुपवर टाकायचा की नाही यावर तासभर विचार करत होतो. तेवढ्यात हिने टाकला.

सासूबाईंनी हात जोडले. या खेपेला ते शोभून दिसले. साडूंनी मात्र पाच मिनिटांत फोन केला. “मागे पिनटेल आहे का? नर? अहो, आमच्याकडे त्याच्यावर वेगळी मर्यादा असते, आणि तुमच्या पाठीशी उभा राहिलाय तो! गाईडचा नंबर द्या.” गाईडला त्यांनी खरंच फोन केला. पुढल्या जानेवारीचं ठरतंय म्हणतात. शिटी आणू नका, एवढंच त्याने बजावलंय.

फेब्रुवारीत गाईडचा मला पुन्हा फोन आला. मला वाटलं, बूट वर आले.

“काका, ते हिरवं जाकीट आहे का अजून? विकायचंय का?”

त्यांच्या बागेत मणी गोड व्हायला लागले होते आणि बुलबुल, साळुंक्यांनी उच्छाद मांडला होता. जाळी टाकायची तर खर्च फार. फटाके, चकचकीत पट्ट्या, सगळं करून झालं होतं. “तुम्ही त्या दिवशी नुसतं चार पावलं टाकली तर अख्खं धरण उठलं. तेव्हाच डोक्यात आलं होतं माझ्या.”

जाकीट मी फुकटच पाठवलं. आठवड्याने त्याने बांबूवर चढवलेल्या जाकिटाचा फोटो धाडला, डोक्यावर मडकं, मडक्याला चुन्याचा चष्मा. मी विचारलं, चालतंय का.

“चालतंय बऱ्यापैकी,” तो म्हणाला. “पण काका, खरं सांगू का, तुमच्या अंगात होतं तेव्हा जास्त चालत होतं. काढणी होईपर्यंत सकाळचं दोन-दोन तास येऊन उभं राहायला जमेल का? चहा, नाश्ता, जेवण आमच्याकडं. पेट्रोल पण देऊ.”

मी फोनवर हात ठेवून हिला सांगितलं.

“जेवणाचं राहू दे,” ही म्हणाली. “दिवसाचे किती देतात ते आधी विचारा.”